बॉनेटवरचं मीठ

गुरुवार, १० जानेवारी

आज सकाळी प्रार्थना झाल्यावर सुतारशेडमधल्या शेगडीतली राख काढली, चाळली आणि त्या राखेनं गाडी घासली.

बॉनेट, टप, दोन्ही बाजूंची दारं. राख बारीक चाळणीतून दोनदा काढली, थोडं जवसाचं तेल घातलं, बनातीचा जाड तुकडा घेतला – जेवणाच्या टेबलाचं व्हार्निश मंद करताना करतो तसंच. टेबल चमकलं तर आमच्या साध्या राहणीच्या मंडळीत कुणी घेत नाही. हाताला सवय आहे. लाकडाच्या रेषेनं सरळ घासायचं, गोल गोल नाही. गाडीला कसली आली रेषा! तरी सरळच घासत गेलो.

दुपारपर्यंत झालं. डिकीचं झाकण राहिलं. बायकोनं, सलोमीनं जेवायला हाक मारली, आणि नंतर मन होईना.

डीकन ॲम्झी, मंडळीच्या शिस्तीचं बघणारा, रविवारी प्रार्थनासभा सुटल्यावर अंगणात गाडीपाशी थांबला होता. म्हणाला, "ओनायस, तुझ्या दारात मला माझी टोपी दिसते." हसला. मीही हसलो. मग हळू आवाजात – "देवाच्या घरी आरसा घेऊन येतोस का रे? वसंतात विचारणीचा रविवार येईल, सगळ्यांशी शांती आहे का विचारतील, मग प्रभुभोजन येईल. तोवर बघ काय ते." ओरडला नाही. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

त्याचं चुकलं असं नाही. गाडी काळी असावी, चकाकणारं जे असेल ते झाकावं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. गाडी आणली त्याच आठवड्यात खिडक्यांभोवतीची आणि बंपरवरची चंदेरी पट्टी मी स्वतः ब्रशनं काळी केली. चमक नंतर आली. माझ्या मुलानं, क्लीसननं आणली.

ऑक्टोबरात सलोमीचं डायलिसिस सुरू झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार – किचनर शहरातल्या दवाखान्याचा रस्ता. क्लीसन आईला मॅम म्हणतो. म्हणाला, "मॅम हिवाळाभर बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकलेल्या रस्त्यावरून जाणार. मीठ गाडी खाऊन टाकेल. मी कोटिंग करून देतो." शहरात तो हेच काम करतो – लोकांच्या गाड्यांना काचेसारखा लेप देतो. गाडी दोन दिवस आपल्या दुकानात ठेवून घेतली. पैशांचं विचारलं तर म्हणाला, "शनिवारी जेवायला घाला."

तेव्हापासून दर शनिवारी येतो, मीठ धुवायला. लेप असला तरी मीठ साचू द्यायचं नाही म्हणतो.

त्याआधी दोन वर्षं फार तर नाताळला यायचा. बाप्तिस्मा न घेताच तो मंडळी सोडून शहरात गेला. कुणी हाकललं नव्हतं. पण आला की काय बोलायचं हे कुणाला सुचत नसे. गाडीचं निघालं तेव्हा सुचायला लागलं.

परवा शनिवार.

शनिवार, १२ जानेवारी

क्लीसन नऊला आला. बादल्या, पाण्याचा पंप, मऊ हातमोजे – सगळं उतरवलं. मी मुद्दाम शेडमध्येच थांबलो. फळीला रंधा मारत होतो. ती कालच गुळगुळीत झाली होती.

बराच वेळ पंपाचा आवाज आला नाही. मग बाहेर गेलो. त्यानं हातमोजा काढला होता आणि उघडी बोटं बॉनेटवरून फिरवत होता. इतक्या थंडीत!

"कशानं केलंत, पॅप?"

"राखेनं."

"राखेनं?" जरासा हसला. "टेबल होतं का हे?"

"ॲम्झी म्हणाला –"

"म्हणाला असेल."

मग त्यानं गाडी धुतली – नेहमीसारखीच! आधी लांबून नुसतं पाणी, वरून खाली. मीठ आपणहून सुटू द्यायचं, हात नंतर लावायचा. आधी हात लावला तर तेच मीठ रंगावर घासलं जातं. मग फेस. एक बादली साबणाची, दुसरी हातमोजा खंगाळायची. शेवटी बर्फावर पोतं टाकून आडवा झाला आणि खालून धुतली, चाकांच्या वरच्या पोकळ्या, दारांखालच्या फटी. कुणा आजारी माणसाला अंघोळ घालावी तसं करतो तो.

डिकीवर पाणी पडलं तसं थेंब थेंब होऊन पळालं. बॉनेटवर पडलं ते तसंच बसून राहिलं, ओल्या पाटीसारखं. दोघंही बघत होतो.

जेवताना मात्र सगळं ठीक. सलोमीनं शेवयांचं सूप केलं होतं, अळणी. क्लीसनच्या ताटाशेजारी मिठाची कुपी ठेवली. म्हणाली, "बघ रे, मला चिमूटभर बंद, आणि रस्त्यावर ट्रक भरभरून ओततात! थोडं इकडं वळवा म्हणावं."

"मॅम, गाडी पुसलेलं फडकं पिळून देऊ का सुपात?"

ती इतकी हसली की खोकला लागला. तिला हसताना मी फक्त शनिवारी बघतो.

निघताना अंगणात मला म्हणाला, "पुढच्या शनिवारी वाट बघू नका."

"का?"

"आता कशाला? पेट्रोलपंपावरच्या फिरत्या ब्रशाखाली घाला. ते चरे पाडतात म्हणून मी नको म्हणायचो. आता पाडायला राहिलंय काय?"

रागानं म्हणाला नाही. बादल्या एकात एक घातल्या आणि गेला.

रविवार, १३ जानेवारी

ॲम्झीनं गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मान हलवली. "बरं केलंस."

शनिवार, १९ जानेवारी

आला नाही.

सलोमी आठपासून खिडकीपाशी होती. नवा एप्रन, केस नीट बसवलेले. क्लीसन येणार नाही हे मी तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, "माहीत आहे. मी नुसती बसलेय." सूप तिघांचं झालं होतं. संध्याकाळी तेच पुन्हा जेवलो.

सोमवार, २१ जानेवारी

येताना समोर मिठाचा ट्रक होता. मागं टाकता येईना. सगळा रस्ता त्याचं फवारलेलं खारं पाणी आमच्यावर. सलोमी मशीनवरून उतरली की तिला बोलवत नाही, डोळे मिटून पडते. काचेवर टपटप आवाज येत होता. डोळे न उघडताच म्हणाली, "पाऊस?" मी म्हटलं, "मीठ."

घरी येऊन बघितलं. डिकीवर पांढरे ठिपके होते, पण ओल्या फडक्यानं निघाले. बॉनेटवर सगळा पांढरा थर, लोणच्याच्या बरणीवर बुरशी धरावी तसा. पुसलं तर पसरला. वाळला की पुन्हा वर आला.

गुरुवार, २४ जानेवारी

स्वतः धुवायचं ठरवलं. क्लीसन करतो तसंच सगळं केलं – वरून खाली, दोन बादल्या. गुडघे टेकून खालूनही पाणी मारलं. मनात आलं, माझा मुलगा दर शनिवारी असा बर्फात आडवा होत होता आणि मी आत फळ्यांना रंधा मारत होतो.

शुक्रवार, २५ जानेवारी

दारं गोठली! काल उणे चौदा होतं, मी पाणी मारलं आणि गाडी रात्रभर अंगणातच राहिली. सकाळी सलोमी काठी धरून उभी आणि एकही दार उघडेना. ओढलं, ठोकलं, किटलीतलं कोमट पाणी ओतलं. शेवटी मागचं एक उघडलं. ती वाकून मागं शिरली, शाल ओढून बसली आणि म्हणाली, "आज मी बाईसाहेब. चला ड्रायव्हर, उशीर होतोय."

मी हसलो नाही. तिनं ते पाहिलं.

"ओनायस, माणसाला गाडी धुता आली नाही म्हणून देव नरकात टाकत नाही."

संध्याकाळी तिनं क्लीसनला फोन लावला. मी स्वयंपाकघरातच होतो. ती ऐकायची आणि मला सांगायची. "म्हणतो, पाण्याचा बर्फ होत असेल तेव्हा धुवायची नाही. म्हणतो, धुतलीच तर दारांची रबरं कोरडी पुसायची. म्हणतो, गाडी रात्री कुठं ठेवतात पॅप?"

मी म्हटलं, "एरवी शेडमध्ये. शेगडीजवळ. तुला सकाळी गाडी उबदार मिळावी म्हणून."

तिनं ते फोनमध्ये सांगितलं. मग ती म्हणाली, "म्हणतो, मिठाची गाडी उबेत ठेवू नका. थंडीत मीठ निजतं, उबेत जागं होऊन खायला लागतं."

मी किती आठवडे ते मीठ ऊब देऊन जागवत होतो!

फोन माझ्याकडं द्यावा असं तिला वाटलं, तिनं हात पुढंही केला. मी चुलीत लाकूड घालायला वळलो. परत वळलो तोवर तिनं फोन ठेवला होता.

शनिवार, २ फेब्रुवारी

आला नाही. हिवाळ्यात त्यांच्या दुकानात गर्दी असते, असं सलोमी म्हणाली. तिनं विचारलं नव्हतं त्याला. मला सांगण्यासाठी म्हणाली.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

प्रार्थनेत गाडी येते. लाज वाटते. आजारी बायको असलेल्या माणसानं देवापुढं बॉनेटचं काय बोलायचं? पण डोळे मिटले की तेच दिसतं – त्याची उघडी बोटं त्या घासलेल्या पत्र्यावरून चाललेली. रागावून फिरवली असती तर मी विसरलो असतो. तो हळूच फिरवत होता, लागलेलं बघावं तसा.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

गंज.

बॉनेटच्या पुढच्या कडेवर, आणि ड्रायव्हरच्या दाराच्या उभ्या घडीवर. नारिंगी ठिपके. आधी वाटलं राईचे दाणे चिकटलेत. नखानं खरवडलं तर नखाला रंग आला.

कडा. हे सुताराला कळायला हवं होतं. घासताना कडेचं सगळ्यात आधी उडतं – मी आयुष्यभर टेबलांच्या कडा जपल्या, तिथं हात हलका केला. गाडीच्या कडेवर मात्र जोर दिला. तिथंच जास्त चमकत होतं.

आज मशीनवर सलोमीच्या हातात टोचलेली सुई दोनदा निसटली. दंड निळा पडलाय. नर्स म्हणाली, शिरा थकल्यात. सलोमी तिला म्हणाली, "त्यांना दोष नको देऊस बाई, त्यांच्या मालकिणीकडं बघ." घरी येईपर्यंत मात्र एक शब्द नाही.

शनिवार, २३ फेब्रुवारी

बर्फवादळ. कुणीच कुठं गेलं नाही. आज तो आला नाही तर वादळामुळं, असं दोघांनाही म्हणता आलं. बरं वाटलं. असलं बरं वाटणंसुद्धा माझ्या वाट्याला यायचं होतं.

रविवार, ३ मार्च

सलोमीला सभेला बसवत नाही आता. दुपारी ॲम्झी आणि त्याची बायको भेटायला आले. साखरेतल्या पीचची बरणी आणली. सलोमीला ते फळ चालत नाही, पण तिनं दोन्ही हातांनी घेतली. "मी वास घेईन," म्हणाली.

ॲम्झीनं स्तोत्र वाचलं, प्रार्थना केली. चांगली करतो. उठता उठता सलोमी त्याला म्हणाली, "ॲम्झी, तुमची टोपी आता दिसत नाही ना आमच्या गाडीत?"

तो हसला. "नाही, सलोमी. आता ठीक आहे."

"मला माझा मुलगाही दिसत नाही."

आवाज चढवला नाही. बरणीचं झाकण नीट बसलंय का बघावं तसं बोटांनी चाचपत होती. ॲम्झीची बायको खाली बघायला लागली. तो माझ्याकडं वळला.

अंगणात त्यानं मला धरलं. "मी गाडीचं बोललो होतो, ओनायस. पोराचं नाही बोललो."

"खरं आहे," मी म्हटलं.

खरंच आहे. त्यानं सांगितलं ते 'बघ काय ते' एवढंच. राख त्यानं नाही सांगितली. एका फोनचं काम होतं. मी उचलला नाही. का? – मुलाला विचारायचं म्हणजे 'मला कळत नाही, तूच सांग' म्हणायचं. राखेला विचारावं लागत नाही.

बुधवार, १३ मार्च

आज मशीन सुरू करायच्या आधी सलोमीनं नर्सला थांबवलं आणि डॉक्टरीणबाईंना बोलवा म्हणाली. मला वाटलं हात दुखतोय.

म्हणाली, "मला हे थांबवायचंय."

बाईंनी खुर्ची ओढली. समजावलं नाही, भीतीही घातली नाही. काय होईल ते सांगितलं. झोप वाढेल. दुखू देणार नाही. दिवस सांगता येत नाहीत, पण फार नाहीत. सलोमी मान हलवत होती, जणू पाहुण्यांना घराचा रस्ता सांगतायत. मला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?" माझ्या तोंडून निघालं, "हिवाळा संपत आलाय की." असलं काहीतरी!

सलोमी म्हणाली, "म्हणूनच. पुढच्या शुक्रवारपर्यंत येईन. मग पुरे."

गाडीत मी विचारलं, रस्त्याचा त्रास होतो म्हणून का? मी दुसरी गाडी बघेन. कुणाला तरी चालवायला सांगेन. ती म्हणाली, "गाडीचं काय घेऊन बसलास. मी थकले." आणि थोड्या वेळानं – "त्याला तू सांग. फोनवर नको."

गुरुवार, १४ मार्च

गेलो.

त्याचं दुकान मी कधी बघितलं नव्हतं. आत इतका उजेड की टोपी खाली ओढावीशी वाटली. छतभर पांढरे दिवे. एका लाल गाडीवर तो वाकलेला, हातात लहानसं फडकं. लेप लावताना एक रेघसुद्धा राहिली तर दिसते म्हणून इतके दिवे, हे मला नंतर सांगितलं. आमच्या शेडमध्ये उत्तरेची एकच खिडकी आहे. मी तसाच कडेनं डोळा लावून व्हार्निश बघतो. तो माझ्यासारखाच एक डोळा मिटून बघत होता.

मला बघून सरळ झाला. पहिला प्रश्न – "मॅम?"

"घरी आहे. लोव्हिना बसलीय तिच्याजवळ." लोव्हिना म्हणजे त्याची बहीण, लिनवूडला दिलेली.

मग मी सांगितलं. नीट सांगायचं वाटेत ठरवून गेलो होतो. तसं झालं नाही. "मॅम थांबवतेय," एवढंच आलं. त्यानं फडकं घडी केलं, पुन्हा उलगडलं, पुन्हा घडी केलं. मालकाला काहीतरी सांगून आला आणि आम्ही बाहेर माझ्या गाडीपाशी उभे राहिलो. ती तिथं, त्या सगळ्या गाड्यांमध्ये! पांढरी पडलेली, कडांना गंज. कुणीतरी मेलेलं जनावर ओढून आणल्यासारखी.

तो वाकून गंज बघायला लागला. मी म्हटलं, "राहू दे ते."

"एवढंच ना, थांबवता येईल." मग सरळ उभा राहिला. त्याला कळलं आपण काय म्हणालो.

मी म्हटलं, "मी विचारायला हवं होतं तुला."

"हो."

"ॲम्झीला चमक नको होती."

"पॅप," तो म्हणाला, "मंद फिल्म मिळते. गाडीवर चिकटवायची. चमक नाही, काही नाही, खडूच्या फळ्यासारखी दिसते. मीठ तिलाही लागत नाही. ॲम्झी खूश, मॅमची गाडी नीट. एका दिवसाचं काम होतं. तुम्ही नुसता फोन –"

त्यानं फडकं खिशात कोंबलं.

इतके शनिवार. एका फोनसाठी.

रडू यावं तर तेही बाहेर, लोकांच्या गाड्यांमध्ये. तो रडला. मी त्याच्या दंडाला धरलं. हात खरखरीत झालेत त्याचे. थंड पाण्यानं.

शनिवार, १६ मार्च

क्लीसन आला. बादल्या आणल्या नाहीत. दिवसभर आईजवळ बसला.

शुक्रवार, २२ मार्च

शेवटची खेप. क्लीसननं गाडी चालवली, सलोमी पुढं, मी मागं. रस्त्यावर अजून मीठ होतं, वितळलेल्या बर्फात. ती सारखी बाहेर बघत होती. "एल्माबाईनं परसातलं झाड तोडलं की! मला कुणी सांगितलं नाही." सगळ्यांचं बघून घेतलं. नर्सांनी तिच्या गालाला गाल लावले.

परत आल्यावर क्लीसननं गाडी धुतली. मी म्हटलं, "राहू दे रे. आता कुठं न्यायचंय?" तो म्हणाला, "सवय." आधी लांबून पाणी. मग हात. खिडकी उघडायला लावून सलोमी ओरडली, "डिकी राहिली!"

डिकी राहिली नव्हती. त्यानं मान वर करून बघावं, एवढंच तिला हवं होतं.

मंगळवार, २६ मार्च

झोपलेली असते. सकाळी जागी होती तेव्हा क्लीसनला म्हणाली, "सुपात मीठ घाल आज." त्यानं घातलं. तिनं दोन चमचे घेतले. "अगं बाई," म्हणाली. "विसरलेच होते मी."

शनिवार, ३० मार्च

क्लीसन इथंच राहतोय. आपल्या जुन्या खोलीत. रात्री आळीपाळीनं बसतो.

सोमवार, १ एप्रिल

सलोमी सकाळी गेली. क्लीसनचा हात तिच्या हाताखाली होता. मी पायांशी होतो. देवाची इच्छा असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

गुरुवार, ४ एप्रिल

माती झाली. खूप माणसं. जमीन वरून मऊ, खाली अजून गोठलेली. क्लीसन आमच्यासारखा काळा कोट घालून आला. माझाच होता, बाह्या आखूड झाल्या त्याला. ॲम्झीनं त्याला मिठी मारली. बराच वेळ सोडलं नाही.

रविवार, ७ एप्रिल

विचारणीचा रविवार. एकेकानं पुढं जाऊन सांगायचं असतं – देवाशी आणि माणसांशी शांती आहे. दर वर्षी मी तेवढं म्हणून येतो. आज बिशपनं विचारलं तेव्हा म्हटलं, "मुलाशी आत्ता कुठं सुरू झालीय. तिला पुरी म्हणवत नाही." त्यानं माझा हात दाबला. म्हणाला, "मग प्रभुभोजनाला ये, आणि तशीच घेऊन ये."

घर इतकं शांत आहे की घड्याळाचा राग येतो.

शनिवार, १३ एप्रिल

क्लीसन आला. बर्फ गेला. पावसानं रस्ते धुऊन निघालेत, मीठ कुठं नाही. तरी सवयीनं गाडी धुतली. जेवायला मी अंडी तळली होती, करपली. दोघांनी खाल्ली.

जेवताना म्हणाला, "पॅप, मी ठरवलंय. गंज घासून काढतो, कडा रंगवतो, वर ती मंद फिल्म चढवतो. ॲम्झी शब्द काढणार नाही. पुढचा हिवाळा, त्याच्या पुढचा – तुम्हाला बघायलाच नको. पावसानं निघून जाईल तेवढं पुरे. मी नाही आलो तरी चालेल."

खुशीत सांगत होता. मला द्यायचं होतं त्याला काहीतरी.

मी म्हटलं, "बघू."

त्याच्या बोलण्यात काही चूक नाही. गाडी चांगली होईल. मंडळीत कुणाला बोलायला जागा राहणार नाही. आणि शनिवारी कुणी येण्याचं कारणही राहणार नाही. सलोमी असती तर तिनं हसत हसत काहीतरी म्हटलं असतं आणि गाठ सुटली असती. मला ते येत नाही. मला कामाशिवाय माणसाला बोलावता येत नाही.

मंगळवार, १६ एप्रिल

आज शहरात जाऊन गाडी क्लीसनच्या नावावर करून दिली. किल्ली त्याच्या हातात दिली. तो म्हणाला, "मग तुमचं कसं, पॅप? प्रार्थनाघर एवढं लांब." मी म्हटलं, "चालत जायचं माझं वय नाही. रविवारी साडेनऊला न्यायला ये." त्यानं किल्ली बोटात फिरवली. मग म्हणाला, "दर रविवारी?"

दर रविवारी, म्हटलं.

मला घरी सोडायला तोच आला.